चिल्लर नीट बघा: स्वस्तात नाणी कशी जमवायची आणि त्यातली वेगळी कशी ओळखायची

नाणी जमवायची म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं होन, मोहरा, शिवराई असलं काहीतरी लागतं, आणि मग ते आपल्या खिशाकडे बघून गप्प बसतात. तसं काही नाहीये. रोजच्या व्यवहारातली नाणी, बंद पडलेली पण त्यांच्या काळात ढिगाने पाडलेली नाणी, परदेशातून आलेल्या कोणाच्या तरी बॅगेच्या तळाशी राहिलेली नाणी, एवढ्यावर अख्खा छंद आरामात चालतो. उलट मी तर म्हणेन की महागडं एक नाणं घेऊन कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा चिल्लर चाळणाऱ्याची नजर लवकर तयार होते, कारण त्याच्या हाताखालून नाणी जास्त जातात. आणि या छंदात सगळी गंमत नजरेचीच आहे. साधं नाणं कसं दिसतं ते पाठ असलं की वेगळं नाणं आपोआप डोळ्यात भरतं, ते पाठ नसेल तर दुर्मिळ नाणं हातात येऊनही कळत नाही.

आधी एक कोपरा धरा

नवीन माणूस हमखास काय करतो, जे दिसेल ते डब्यात टाकतो. सहा महिन्यांनी डबा भरतो आणि उत्साह संपतो. त्यापेक्षा एक देश, एक दर्शनी किंमत आणि एक कालखंड पकडा आणि त्यातलं प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं एक एक नाणं गोळा करायचं ठरवा. उदाहरणार्थ भारताचा १९९२ ते २००४ मधला स्टीलचा एक रुपया, २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. दिसायला सगळे सारखे, पण वर्षं आणि टांकसाळी मिळून यादी चांगली लांब होते. किंवा अमेरिकेचे १९९९ ते २००८ मधले पन्नास राज्यांचे क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, प्रत्येक राज्याचा एक फिलाडेल्फियाचा आणि एक डेन्व्हरचा. किंवा जर्मनीची युरो नाणी, ज्यांच्यावर बर्लिनसाठी ए, म्युनिकसाठी डी, श्टुटगार्टसाठी एफ, कार्ल्सरूहसाठी जी आणि हॅम्बुर्गसाठी जे असं अक्षर असतं, म्हणजे एकाच वर्षाचं एकच नाणं पाच प्रकारे जमवता येतं.

यातला फायदा असा की एकाच जातीची तीस-चाळीस नाणी ओळीने मांडली की त्यातलं एखादं जरा वेगळं आहे हे न शोधताही दिसतं. कुठे आकडा थोडा जाड, कुठे अक्षर कडेच्या जास्त जवळ, कुठे कणसाचा दाणा वेगळा. डबाभर मिसळ नाण्यात हे कधीच दिसणार नाही.

सामान फार लागत नाही

एक दहापट मोठं दाखवणारं भिंग, ज्याला लूप म्हणतात. एक छोटा डिजिटल वजनकाटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एक साधं लोहचुंबक. हलवता येईल असा एकच दिवा. खाली अंथरायला मऊ कापड म्हणजे नाणं हातातून सुटलं तरी ओरखडा पडत नाही. व्यास आणि जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर नंतर घ्या. मायक्रोस्कोप मात्र सुरुवातीला नकोच, माझं स्पष्ट मत आहे, कारण पन्नास-शंभरपट मोठं करून बघितलं की प्रत्येक नाण्यावर काहीतरी दरी-डोंगर दिसतात आणि माणूस उगाच प्रत्येक नाण्याला एरर, म्हणजे टांकसाळीत चुकलेलं नाणं, म्हणायला लागतो. दहापट भिंगातून जे दिसत नाही त्याची बहुतेक वेळा कोणाला पर्वाही नसते.

दिव्याचं तंत्र शिकून घ्या, यावर अर्धं काम अवलंबून आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात काही कळत नाही. दिवा बाजूला आणि खाली ठेवा, नाणं कडेने धरा आणि सावकाश तिरपं करत फिरवा. उजेड अक्षरांच्या अंगावर आडवा पडला की सावल्या पडतात आणि त्या सावल्यांतच सगळं दिसतं. नवीन कोऱ्या नाण्यावर तर चमकेचा एक पट्टा गोल फिरताना दिसतो, तो पट्टा कुठे तुटतोय ते बघायचं, तिथे झीज असते नाहीतर कोणीतरी घासलेलं असतं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि नाणं जवळ आणायचं, भिंग नाण्यावर धरून आपण लांबून बघायचं नाही.

नाणं वाचायचं कसं

दर्शनी बाजू, मागची बाजू आणि कडा, या तिन्ही बघायच्या. कडेकडे नवीन लोक बघतच नाहीत, आणि तिथेच बऱ्याच वेळा फरक सापडतो: खाचा आहेत की गुळगुळीत आहे, मधे चर आहे का, चरात नक्षी आहे का. एकाच वर्षाच्या एकाच नाण्याच्या कडा दोन प्रकारच्या निघाल्या तर ते नाणं बाजूला काढायचं.

मग टांकसाळीची खूण, म्हणजे मिंटमार्क. भारताच्या नाण्यांवर ती साधारण वर्षाच्या खाली असते. मुंबईचा चौकट म्हणजे डायमंड, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. वाचायला सोपं आहे, प्रत्यक्षात घोळ होतो, कारण तारा झिजला की ठिपका दिसायला लागतो आणि डायमंडचे कोपरे गेले की तोही ठिपकाच दिसतो. त्यामुळे झिजलेल्या नाण्यावरून खूण ठरवू नका, आणि खूण नाही दिसली म्हणून लगेच कोलकाता लिहून मोकळे होऊ नका, डायमध्ये, म्हणजे नाण्यावर दाबायच्या ठशात, ग्रीस आणि धातूची धूळ भरली तरी छोटी खूण उमटत नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांवर, आधी बी आणि नंतर एम अक्षर यायचं, ते चिल्लरमध्ये सहसा सापडणार नाही पण माहिती असू द्या.

याशिवाय भारताने मधूनमधून परदेशी टांकसाळींकडूनही नाणी पाडून घेतलीत. १९८५ च्या एक रुपयावर एच अक्षर दिसलं तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन मिंटचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, प्रिटोरिया, स्लोव्हाकियातलं क्रेमनिका, मॉस्को अशा ठिकाणची नाणी आली आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. ही नाणी वर्षानुवर्षं लोकांच्या खिशातून फिरली आणि कोणी बघितलंही नाही.

खुणेमागे कधीकधी मोठी गोष्ट असते. कॅनडाच्या १९४७ च्या काही नाण्यांवर वर्षाच्या बाजूला एक इवलंसं मेपलचं पान आहे. भारत स्वतंत्र झाला, त्यामुळे राजा सहाव्या जॉर्जच्या पदव्यांमधून हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी काढावी लागली, आणि तसे नवीन साचे लंडनहून यायला वेळ लागला. नाणी तर लागणारच होती, म्हणून कॅनडाच्या टांकसाळीने १९४८ मध्ये जुन्याच १९४७ च्या डायवर हे पान वाढवून काम चालवलं. म्हणजे पान असलेलं १९४७ चं नाणं खरं १९४८ चं आहे. तसंच व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयाचं, नाण्यावरचं वर्ष तेच ठेवून पुढे बरीच वर्षं रुपये पाडत राहिले आणि फरक ठिपक्यांमध्ये ठेवला. हे रुपये जमवणारे लोक भिंग घेऊन ठिपके मोजत बसतात, बाहेरच्या माणसाला वेड वाटेल.

अजून एक, दोन्ही बाजूंची दिशा. नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरा, समोरची बाजू सरळ ठेवा आणि भोवऱ्यासारखं अर्धं फिरवा. ब्रिटनच्या किंवा युरो नाण्याची मागची बाजू सरळ दिसेल, अमेरिकेच्या नाण्याची उलटी दिसेल, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुम्ही जमवताय त्या नाण्याची नेहमीची दिशा कोणती ते चार नाण्यांवरून बघून घ्या. मग एखाद्याची मागची बाजू तिरकी आली तर तो रोटेटेड डाय. थोडासा कल बऱ्याच नाण्यांना असतो त्याला कोणी विचारत नाही, पण काटकोनात वळलेली किंवा पूर्ण उलटी आली तर नक्की जपून ठेवा. हे तपासायला भिंगही लागत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी.

नाणं पाडतात कसं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही

धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांना ब्लँक म्हणतात. मग त्यांची कड दाबून जराशी उचलतात. मग ती चकती एका कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते, वरून एक आणि खालून एक असे दोन डाय तिच्यावर जोरात दाबले जातात आणि त्या एका दणक्यात दोन्ही बाजू आणि कड तयार होते. डायवर डिझाइन खोल कोरल्यासारखं आणि उलटं असतं, आणि हे डाय ज्या मूळ ठशावरून दाबून बनवतात त्याला हब म्हणतात, त्यावर डिझाइन नाण्यासारखं उठावदार असतं.

एवढं डोक्यात बसलं की सगळ्या वेगळ्या नाण्यांचे तीन गट पडतात. डायमध्येच काही फरक असेल तर त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच फरक तसाच येतो, ती झाली व्हरायटी. पाडताना किंवा चकती कापताना काही गडबड झाली तर ते एकच नाणं तसं निघतं, तो एरर. आणि टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही झालं, ठेचलं, वाकलं, तापलं, ॲसिडमध्ये पडलं, ते सगळं नुसतं खराब झालेलं नाणं, कितीही विचित्र दिसलं तरी. नवशिक्यांची नव्वद टक्के तथाकथित सापडलेली रत्नं या तिसऱ्या गटातली असतात. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: हे टांकसाळीत कसं घडू शकलं असेल? उत्तर सुचत नसेल तर बहुतेक ते तिथे घडलेलंच नाही.

डबलिंग, सगळ्यात जास्त फसवणारं

अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. हबने डाय दाबताना दोनदा दाबावं लागायचं, दुसऱ्या वेळी डाय जरासा फिरलेला राहिला, त्यामुळे वर्ष आणि अक्षरं सरळसरळ दोन दोन दिसतात, नुसत्या डोळ्यांनीसुद्धा, याला डबल डाय म्हणतात. हजारो नाणी बाहेर गेली आणि लोकांना ती सुट्ट्या पैशांत सापडली. तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या नाण्यावर डबल डाय दिसायला लागला.

आता फरक कसा ओळखायचा ते नीट बघा. नाण्यावरच्या वर्षाचा एक आकडा घ्या, दिवा तिरका ठेवा, भिंग लावा. खऱ्या डबल डायमध्ये दुसरी प्रतिमा पहिलीइतकीच गोलसर आणि भरीव असते, आकड्याच्या टोकाशी जिथे दोन प्रतिमा वेगळ्या होतात तिथे एक छोटी खाच दिसते, आणि आकडा एकंदरीत नेहमीपेक्षा जाड झालेला असतो, कारण डायमध्ये दोन ठसे आहेत. दुसरा प्रकार म्हणजे मशीन डबलिंग. यात डाय सैल असतो, दणका बसल्यावर थरथरतो किंवा घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या आकड्याची एक बाजू चेपून टाकतो. मग आकड्याच्या शेजारी एक खालच्या पातळीवरची, सपाट, चकचकीत कडा दिसते, आणि मूळ आकडा बारीक झालेला असतो कारण त्याचाच धातू चेपून ती कडा बनलीये. अशी नाणी ढिगाने सापडतात आणि त्यांना जास्तीचं मोल नाही. थोडक्यात, जाड झालं असेल तर पुढे बघा, बारीक झालं असेल तर सोडून द्या. तिसरंही एक आहे, डाय लाखो नाणी पाडून दमला की अक्षरांच्या कडा पसरट, धुरकट होतात, तेही डबल वाटतं, ते पण सोडा.

आणि पक्का पुरावा पाहिजे असेल तर तसंच दुसरं नाणं शोधा. डबल डाय म्हणजे डायमधला फरक, त्यामुळे अगदी तसाच, त्याच जागी, त्याच दिशेने असलेला दुसरा नमुना कुठेतरी असायलाच पाहिजे.

बाकीच्या गोष्टी, जशा हाती लागतील तशा

डायला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. ओरखडा मात्र खोल गेलेला असतो. उठलेली रेघ टांकसाळीतली, खोल रेघ बाहेरची, नवीन माणसाने हा एक नियम पाठ केला तरी अर्धी फसगत टळते. डायच्या कडेचा तुकडाच पडला तर नाण्याच्या काठाला एक धातूचा गुळगुळीत गोळा येतो आणि तिथलं डिझाइन गायब असतं, त्याला इंग्रजीत कड (cud) म्हणतात, नाण्याची कड ती वेगळी, ते छान दिसतं आणि लोक आवडीने जमवतात.

चकती कापताना आधीच्या भोकावर कापली गेली तर नाण्याला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. पण हा चावा कोणी कानशीने घासूनही काढू शकतो, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कड बघायची. खऱ्या चकतीत तिथली कड बहुतेक वेळा फिकी, अर्धवट उठलेली असते, कारण कड उचलताना एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरही दाब नीट बसत नाही. समोरची कड एकदम ठणठणीत असेल तर शंका घ्या.

चकती डायच्या मधोमध बसली नाही तर ऑफ सेंटर नाणं निघतं, एका बाजूला चंद्रकोरीएवढी कोरी जागा. यात वर्ष दिसतंय का हे महत्त्वाचं, वर्ष दिसत असेल तर जास्त मागणी. कॉलर नसताना पाडलं तर नाणं पसरून मोठं होतं, कडेला खाचा नसतात, पण डिझाइन मधोमधच असतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली गेली तर त्या चकतीवर एका बाजूचा उलटा, खोल गेलेला ठसा येतो, त्याला ब्रॉकेज म्हणतात, हे चिल्लरमध्ये सापडलं तर नशीबच.

ग्रीसने भरलेल्या डायमुळे अक्षरं गायब होतात. अमेरिकेच्या २००५ च्या कॅन्सस क्वार्टरवर असंच झालं, इन गॉड वी ट्रस्ट मधला टी उमटला नाही आणि ट्रस्टचं रस्ट, म्हणजे गंज, होऊन देवावर गंज चढल्यासारखं वाक्य तयार झालं. मजेदार आहे म्हणून लोक जमवतात, नाहीतर एखादं अक्षर फिकं येणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. डाय घासूनही गोष्टी गायब होतात: १९३७ च्या डेन्व्हरच्या पाच सेंटवर बायसनला तीनच पाय आहेत, कारण डायवरची खराबी काढायला डाय जास्त घासला आणि एक पाय त्यातच गेला.

आणि म्यूल, म्हणजे दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजूंची चुकून पडलेली जोडी. ब्रिटनमध्ये २००८ ला वीस पेन्सचं डिझाइन बदललं, आधी वर्ष मागच्या बाजूला होतं, नव्यात ते राणीच्या बाजूला आलं. काही नाण्यांना राणीची बाजू जुनी आणि मागची बाजू नवी लागली, झालं, वर्षच नसलेलं नाणं तयार. ऑस्ट्रेलियात २००० च्या एक डॉलरला काही वेळा दहा सेंटचा राणीचा डाय लागला, तो आकाराने थोडा लहान असल्यामुळे त्या बाजूच्या काठावर दुहेरी कडा दिसते. हे लोकांना कसं सापडलं, तर कोणीतरी राणीच्या बाजूला पण नीट बघितलं, जिकडे सहसा कोणी बघत नाही.

काटा आणि चुंबक कधी काढायचं

रंग वेगळा, आवाज वेगळा, जाडी वेगळी वाटली की. अमेरिकेचा १९८२ चा सेंट हे काट्यावर शिकायला सगळ्यात चांगलं नाणं आहे, कारण त्याच वर्षी मधेच धातू बदलला, तांब्याचा ३.११ ग्रॅम आणि तांब्याचा मुलामा दिलेला जस्ताचा २.५ ग्रॅम. दिसायला दोन्ही एकसारखे. त्यात वर्षाचे आकडेही मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे, आणि टांकसाळी दोन, म्हणजे एकाच वर्षात केवढे प्रकार होतात बघा, आणि सगळे एका सेंटचे.

चुंबकाचं उदाहरण १९४३ चं. महायुद्धात तांबं वाचवायला त्या वर्षी अमेरिकेने सेंट स्टीलचा केला. मोजकी काही नाणी चुकून जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पडली, ती प्रचंड दुर्मिळ. मग साहजिकच लोकांनी स्टीलच्या सेंटला तांब्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली. चुंबकाला चिकटला की विषय संपला. नाही चिकटला तरी हुरळून जाऊ नका, १९४८ मधला आठ खरवडून तीन केलेले पण फिरतात, भिंगातून त्या तीनच्या आजूबाजूला खरवडलेलं दिसतं. भारताच्या नाण्यांत जुना कॉपर-निकेलचा रुपया चुंबकाला चिकटत नाही, नंतरचा स्टीलचा चिकटतो, त्यामुळे एखाद्या वर्षाचं नाणं उलटं वागलं तर वजन करून बघायचं.

दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेली नाणी हा अजून एक प्रकार, त्यातली जवळजवळ सगळी जादूच्या प्रयोगासाठी दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. काठाच्या आतल्या बाजूला बारीक जोड सापडतो आणि टेबलावर टाकल्यावर आवाज बद्द येतो.

घासू नका, प्लीज

नाण्याला ब्रासो, चिंच, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, काहीही लावायचं नाही. चमक येते ती खोटी, वरचा मूळ पृष्ठभाग निघून जातो आणि बारीक ओरखड्यांचं जाळं उरतं, जाणकाराला ते एका नजरेत कळतं आणि नाण्याची किंमत तिथेच पडते. काळपट झालेलं नाणं काळपटच ठेवा. फारच माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, मग न घासता मऊ कापडावर टिपा. डिंक, प्लास्टिकचा चिकट थर असलं काही असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं, पण काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास आग नसताना, आणि नेलपेंट रिमूव्हर म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे, त्यात तेलं आणि वास मिसळलेले असतात.

ठेवायला मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो आणि धातू खायला लागतो. मायलार म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर स्वस्त असतात आणि पुरेशी आहेत, फक्त स्टेपलरची पिन बाहेर आलेली चेपून टाका नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. रबरबँड, वर्तमानपत्र, दमट कपाट टाळा, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. ॲल्युमिनियमची नाणी मऊ असतात, एकत्र डब्यात खुळखुळली की संपलीच. नाणं नेहमी कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट ठेवलं तर त्याचा ठसा काही महिन्यांनी काळा उमटतो.

होल्डरवर लगेच लिहा: देश, किंमत, वर्ष, खूण, वजन, कुठून मिळालं आणि वेगळं काय दिसलं. नंतर लिहू म्हणाल तर विसराल. कॅटलॉगमध्ये बहुतेक नाण्यांना केएम नंबर असतो, क्राउझ आणि मिशलर या कॅटलॉगवाल्या दोघांच्या नावांवरून आलेला, तो पण लिहून ठेवला की कोणाशी बोलताना नक्की कुठल्या नाण्याबद्दल बोलतोय ते लगेच कळतं.

किंमतीबद्दल

जुनं म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली छोटी तांब्याची नाणी सतराशे वर्षं जुनी आहेत आणि इतकी सापडलीत की नवशिक्यालाही परवडतात. उलट ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं पन्नास पेन्स परवा-परवाचं आहे, पण फक्त २,१०,००० पाडलं म्हणून सगळे त्याच्या मागे. किती पाडली, किती चांगल्या अवस्थेत उरली आणि किती जणांना हवंय, एवढंच चालतं. दर्जासाठी १ ते ७० अशी शेल्डन स्केल वापरतात, ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं. कंपनीकडून ग्रेडिंग करून प्लास्टिकच्या डबीत बंद करून मिळतं, पण स्वस्त नाण्याच्या बाबतीत फी नाण्यापेक्षा जास्त होते, तेव्हा त्या फंदात एवढ्यात पडू नका.

एखाद्या साध्या नाण्याला लाखो मिळतात असं सांगणारे व्हिडिओ बघून विकायला निघू नका. कोणीतरी किती मागतोय ही किंमत नव्हे, कोणीतरी प्रत्यक्ष किती दिले ती किंमत, त्यामुळे झालेल्या लिलावांचे आकडे बघा. आणि तुमचं जुनं नाणं विकत घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी किंवा टॅक्स भरा असं कोणी म्हणाला की तो चोर आहे हे धरून चाला. रिझर्व्ह बँकेच्या नावाने पण असं चालायचं, २०२१ मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कोणालाही अशी फी गोळा करायला सांगितलेलं नाही.

विकत घेताना एरर म्हणून विकलेलं महाग नाणं पहिल्या वर्षी घेऊच नका. त्याऐवजी विक्रेत्यांकडे मिसळ नाण्यांचा ढीग असतो, किलोवर किंवा नगावर, त्यात हात घाला. विक्रेत्याने त्यातलं चांदीचं आणि प्रसिद्ध नाणं आधीच काढलेलं असतं, पण रोटेटेड डाय, विचित्र कड, परदेशी टांकसाळीची खूण हे सगळं बघत बसायला त्याला वेळ नसतो, तुम्हाला असतो.

सापडलं असं वाटलं तर

दोन्ही बाजू आणि कडेचे फोटो काढा, दिवा तिरका ठेवून, आणि शेजारी त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं ठेवून दोन्हींचा एकत्र फोटो काढा. वजन लिहा, चुंबकाचं लिहा. मग एखाद्या अनुभवी संग्राहकाला दाखवा आणि दाखवताना हे एरर आहे का असं विचारू नका, हे कसं झालं असेल असं विचारा, म्हणजे समोरचा हो-नाही म्हणून सुटत नाही, त्याला कारण सांगावं लागतं आणि ते तुम्हाला पुढच्या ढिगात कामाला येतं. तोपर्यंत नाणं होल्डरमध्ये घालून ठेवा, कोणी कितीही आग्रह केला तरी पुसून द्यायचं नाही, आणि एक पाडलंय म्हणजे त्याच डायची भावंडं असू शकतात, तेव्हा त्याच वर्षाची उरलेली चिल्लर परत एकदा चाळून बघा.